वॉर्म लाइटचे केल्विन कमी का?

प्रश्न असा आलाय की एलईडीच्या खोक्यावर वॉर्म व्हाइटला 3000 केल्विन (केल्विन हे तापमानाचं एकक) आणि कूल डे लाइटला 6500 लिहिलेलं असतं, म्हणजे ज्याला गरम म्हणतात त्याचाच आकडा कमी, हे उलटं कसं, आणि कलर टेंपरेचरला मराठीत काय म्हणायचं.

लोखंड तापवलं की आधी लालबुंद होतं, मग नारिंगी, मग पिवळं आणि अजून तापलं की पांढऱ्याकडे जायला लागतं. असा तापलेला पदार्थ ज्या तापमानाला त्या रंगाचा उजेड देईल तो आकडा म्हणजे कलर टेंपरेचर. मेणबत्ती साधारण 1900, जुना पिवळा बल्ब 2700, दुपारचं ऊन 5500 च्या आसपास, सावलीतला निळसर उजेड 7000 किंवा वर, म्हणजे आकडा वाढतो तसा उजेड निळ्याकडे जातो. एलईडी स्वतः काही एवढा तापत नाही, आकडा फक्त रंगाचा. आणि 'अंश केल्विन' लिहू नका, 1967 पासून नुसतं केल्विन.

वॉर्म-कूल ही मात्र चित्रकारांची भाषा, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना उष्ण रंग आणि शीत रंग शिकवतात ना तेच, लाल-पिवळा आगीचा म्हणून उष्ण आणि निळा पाण्याचा म्हणून शीत. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, घोळ होतो तो एकत्र वापरले की.

म्हणून माझं मत, आकडा असेल तिथे 'रंगतापमान' आणि दिसण्याबद्दल बोलताना सरळ तांबूस, पिवळट, निळसर म्हणा. 'उबदार फोटो' म्हटलं की मायेबियेचा अर्थ डोक्यात येतो, रंगाचा नाही. कॅमेऱ्यात पांढरं ते पांढरंच दिसावं म्हणून जे सेटिंग असतं त्याला श्वेतसंतुलन म्हणणं वाचायला ठीक आहे, पण बोलताना व्हाइट बॅलन्सच.

आता कॅमेऱ्यात या सेटिंगचं केल्विन वाढवलं की फोटो निळा न होता पिवळा का होतो? कारण तुम्ही त्याला सांगता की इथला उजेड निळसर आहे, मग तो भरपाई म्हणून पिवळा घालतो. दिवेलागणीला ठाण्याच्या तलावपाळीवर मोबाइलच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथे सेटिंग हाताने बदलता येतं तिथे, करून बघा. 3000 ला हातगाडीवरचा पिवळा बल्ब पांढरा दिसतो पण आकाश आणि तळ्याचं पाणी गडद निळं होतं, 6000 ला आकाश जागेवर येतं आणि बल्बखाली उभी असलेली माणसं नारिंगी. उजेड दोन आणि सेटिंग एकच, त्यामुळे एकाची बाजू घ्यावीच लागते, मी चेहऱ्यांची घेते.

जुन्या ट्यूबलाइटखाली चेहरे हिरवट येतात ते मात्र केल्विन कितीही हलवलं तरी जात नाही, त्याला टिंटची, म्हणजे हिरवा ते मजेंटा (गडद गुलाबी) अशी वेगळी पट्टी असते, ती मजेंटाकडे थोडी सरकवायची.