वाचकांचे प्रश्न: पॉवर स्टेशनमधली वीज जाते कुठे?

प्रश्न: माझं पॉवर स्टेशन (घरातली उपकरणं लावायला सॉकेट असलेली मोठी पोर्टेबल बॅटरी) ५०० वॉट-तासांचं आहे. त्यावर फक्त १० वॉटचा राउटर लावतो. हिशोबानं ५० तास मिळायला हवेत, पण २० तासांतच बॅटरी संपते. बॅटरी खराब निघाली का?

उत्तर: बहुधा नाही. वीज खातोय तो आतला इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीच्या डीसी विजेची घरातल्या सॉकेटसारखी एसी वीज करणारा भाग. एसीचं बटण चालू केलं की सॉकेटला काहीही न लावता तो स्वतःच्या कामासाठी साधारण १० ते २० वॉट घेत राहतो. तो १२ वॉट घेतो असं धरा. राउटरचे १० मिळवून २२ झाले. वापरता येणारी वीज ४५० वॉट-तास धरली तर वीसच तास हाती लागतात. म्हणजे निम्म्याहून जास्त वीज राउटरपर्यंत पोहोचतच नाही.

तुमच्या स्टेशनचा नेमका आकडा घरीच काढता येतो. बॅटरी पूर्ण चार्ज करा, इको मोड (लोड नसला की एसी आपोआप बंद करणारी सोय) बंद ठेवा, एसी चालू करा आणि काहीही न लावता दहा तास तसंच राहू द्या. १०० टक्क्यांवरून ७६ वर आलं, तर १२० वॉट-तास गेले, म्हणजे तासाला १२.

उपाय सोपा आहे: राउटर डीसीवर चालवा. अ‍ॅडॅप्टरवरचा ‘आउटपुट’ वाचा. १२ व्होल्ट असेल तर स्टेशनच्या १२ व्होल्ट डीसी सॉकेटमधून थेट वायर जोडता येते. व्होल्टेज जुळलंच पाहिजे. अँपिअर मात्र स्टेशनकडे जास्त असले तरी चालतात, राउटर हवे तेवढेच घेतो. पिनचा आतला भाग धन आहे की ऋण, याची खूण अ‍ॅडॅप्टरवर असते. ती उलटी झाली तर राउटर जळू शकतो. एसी बंद करायला विसरू नका. मग त्याच बॅटरीवर चाळीसेक तास मिळतात.

प्रश्न: फ्रिजवर १२० वॉट लिहिलंय, स्टेशन ३०० वॉटचं आहे. तरी कॉम्प्रेसर सुरू होताच स्टेशन बंद पडतं.

उत्तर: मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. जुन्या पद्धतीच्या कॉम्प्रेसरला पाच-सहा पट सहज लागतो, म्हणजे इथे ६०० ते ७२० वॉट. स्टेशनची ‘सर्ज’ (क्षणभर देता येणारी) क्षमता त्याहून जास्त हवी. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज हळूहळू वेग घेतो, त्यामुळे तो लहान स्टेशनवरही चालू शकतो.

किती वेळ चालेल, हे मात्र लेबलवरून काढू नका. कॉम्प्रेसर सतत चालत नाही. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर घेऊन २४ तासांचं मोजमाप करा. समजा १ युनिट भरलं, म्हणजे १००० वॉट-तास. त्यात इन्व्हर्टरचे २४ तासांचे जवळपास ३०० आणि रूपांतरातली घट मिळवली की एका दिवसासाठी १५०० वॉट-तासांच्या खाली जाण्यात अर्थ नाही.

आणि फ्रिजसाठी इको मोड आठवणीनं बंद करा. कॉम्प्रेसर थांबला की लोड नाही असं समजून स्टेशन काही वेळानं एसी बंद करतं, ते आपणहून परत चालू होत नाही, आणि आतलं सगळं नासल्यावरच आपल्या लक्षात येतं.

प्रश्न: २०० वॉटचं सोलर पॅनल भर उन्हात १४० च्या वर जात नाही. दुसरं जोडू का?

उत्तर: १४० चांगलेच आहेत. २०० हा आकडा सेलचं तापमान २५ अंश असतानाचा. उन्हात सेल ५५ अंशांवर जातात आणि दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट होते, म्हणजे दहा टक्के तिथेच गेले. बाकीचे कोन, धूळ आणि वायरीत जातात. पॅनल सूर्याकडे नीट वळवा, मागून हवा खेळू द्या आणि एका कोपऱ्यावरही सावली पडू देऊ नका. स्टेशन मात्र सावलीत ठेवा.

दुसरं पॅनल जोडण्याआधी दोन्हींच्या मागचं ‘व्हीओसी’, म्हणजे काहीही न जोडता पॅनल देतं ते व्होल्टेज, वाचा. सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडल्यावर, व्होल्टेजची बेरीज होते. २४ आणि २४ मिळून ४८. स्टेशनची मर्यादा ५० असेल तर वरवर ठीक वाटतं. पण थंडीत व्होल्टेज वाढतं. शून्य अंशाला साधारण साडेसात टक्के वाढ धरली तर ५१.६ होतात आणि आतलं सर्किट कायमचं जाऊ शकतं. अशा वेळी समांतर जोडणी करा. व्होल्टेज २४ च राहतं आणि जास्तीचा करंट स्टेशन घेतच नाही.

प्रश्न: एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी २० टक्के दाखवत असताना एकदम बंद झाली.

उत्तर: या बॅटरीचं व्होल्टेज चार्जच्या मधल्या मोठ्या टप्प्यात जवळपास सारखंच राहतं. त्यामुळे टक्के आत-बाहेर गेलेल्या करंटच्या मोजणीवरून काढले जातात आणि छोट्या लोडवर ती मोजणी हळूहळू चुकत जाते. एकदा १०० टक्के चार्ज करून तासभर प्लग तसाच ठेवा, मग बंद पडेपर्यंत वापरा आणि लगेच पुन्हा पूर्ण चार्ज करा. शून्यावर पडून राहू देऊ नका. आतलं संरक्षण सर्किट थोडी थोडी वीज घेतच असतं आणि सेल फार खाली गेले की बॅटरी चार्जच घेत नाही. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर ५०-६० टक्क्यांवर, थंड जागी ठेवा आणि दर तीन महिन्यांनी पाहा. सेल शून्य अंशाखाली असतील तर चार्जिंग टाळा.

प्रश्न: विमानात नेता येईल का?

उत्तर: ५०० वॉट-तासांचं नाही, केबिनमध्येही नाही आणि सामानातही नाही. प्रवाशाला सोबत १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी नेता येते. १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते.