शाळेला ‘सी’ मिळाला, म्हणजे नक्की काय कळले?

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त फ्लोरिडात आलो. आमची मुलगी येत्या ऑगस्टपासून किंडरगार्टनमध्ये जाईल. आम्ही राहतो त्या भागातील सार्वजनिक प्राथमिक शाळेला राज्याने ‘सी’ श्रेणी दिली आहे आणि चार मैलांवरील शाळेला ‘ए’. आमच्या ओळखीची बहुतेक कुटुंबे त्या दुसऱ्या भागात राहायला गेली. आमच्या शेजारच्या बाईंची दोन्ही मुले मात्र इथल्याच शाळेत शिकली आणि त्या पूर्ण समाधानी आहेत. सरकारी श्रेणीवर विश्वास ठेवावा की शेजारणीवर?
– एक वाचक, ऑर्लँडो

उत्तर : दोघींवरही ठेवा, पण प्रत्येकीला जेवढे ठाऊक आहे तेवढ्यापुरताच. शेजारणीला आपल्या दोन मुलांच्या वर्गांत काय घडले ते ठाऊक आहे. श्रेणीला तिसरी ते पाचवीच्या मुलांनी राज्याच्या ठरावीक परीक्षांत काय केले, एवढेच ठाऊक असते. तुमची मुलगी आता किंडरगार्टनमध्ये जाणार आहे. तिथपासून दुसरीपर्यंतची तीन वर्षे, म्हणजे मूल अक्षरे जुळवून वाचायला लागते तीच वर्षे, या श्रेणीच्या हिशेबात धरलेलीच नसतात. ज्या शिक्षिकेच्या हाती तुम्ही मुलीला सोपवणार आहात, तिच्याविषयी ते अक्षर काहीही सांगत नाही.

शाळांना ‘ए’ ते ‘एफ’ अशी अक्षरे देण्याची पद्धत फ्लोरिडाने १९९९ मध्ये, जेब बुश गव्हर्नर असताना, सुरू केली. पुढे २००२ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या केंद्रीय कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन आणि गणिताची वार्षिक परीक्षा साऱ्या देशात सक्तीची केली. अक्षर देण्याची सक्ती मात्र त्या कायद्यात नव्हती. ती हौस ज्या त्या राज्याची, आणि म्हणूनच एका राज्यातील ‘बी’ची दुसऱ्या राज्यातील ‘बी’शी तुलना करता येत नाही.

तुमच्या राज्यात प्राथमिक शाळेची श्रेणी ज्या घटकांवरून ठरते, त्यांचे सरळ दोन गट पडतात. पहिल्या गटात किती टक्के मुले इयत्तेच्या अपेक्षित पातळीला पोहोचली ते मोजतात : भाषा, गणित, पाचवीचे विज्ञान आणि वेगळे धरलेले तिसरीचे वाचन. दुसऱ्या गटात किती टक्के मुले गेल्या वर्षीच्या स्वतःच्या जागेवरून पुढे सरकली ते पाहतात : भाषेत, गणितात, आणि पुन्हा याच दोन विषयांत सर्वांत मागे असलेल्या चौथा हिस्सा मुलांपैकी किती. प्रत्येक घटकाला शंभर गुण असतात. सगळ्यांची बेरीज करून टक्के काढतात आणि टक्क्यांवरून अक्षर देतात. २०२४ मध्ये प्राथमिक शाळेला ‘ए’ मिळण्यासाठी ६२ टक्के लागत होते, तर ४१ ते ५३ टक्के मिळवणाऱ्या शाळेला ‘सी’ मिळत होता.

आता दोन काल्पनिक शाळा घेऊन हा हिशेब करून पाहू. पहिल्या शाळेला पातळीच्या चार घटकांत ८०, ७८, ७४ आणि ७६ मिळाले आणि प्रगतीच्या चार घटकांत ५४, ५८, ४० आणि ४४. एकूण ८०० पैकी ५०४, म्हणजे ६३ टक्के, म्हणजे ‘ए’. दुसऱ्या शाळेला पातळीत ४२, ४४, ३६ आणि ३८. प्रगतीत ६४, ६६, ६५ आणि ६१. एकूण ४१६, म्हणजे ५२ टक्के, म्हणजे ‘सी’. पहिल्या शाळेत मुले मुळातच वरच्या पातळीवर होती, पण त्यांतील मागे पडलेल्या मुलांपैकी निम्मीही वर्षभरात पुढे सरकली नाहीत. दुसऱ्या शाळेत अशा मुलांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश सरकली. शिकवण्याचे काम कोठे अधिक झाले, असे मला विचाराल तर मी दुसऱ्या शाळेकडे बोट दाखवीन. अक्षर नेमके उलट सांगते, आणि तरीही बेरजेत कोणतीही चूक नाही.

पातळी आणि प्रगती यांत एवढी तफावत का पडते, याचे उत्तर शाळेच्या भिंतींबाहेर आहे. ज्या घरी पुस्तके आहेत, आईवडिलांना वेळ आहे आणि दर वर्षी भाड्यासाठी घर बदलावे लागत नाही, त्या घरचे मूल पाचव्या वर्षी शाळेत येते तेव्हाच बरेच पुढे असते. शाळेचा त्यात काहीच हात नसतो, तरी त्याचे श्रेय तिच्या खात्यावर जमा होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ शॉन रिअर्डन यांनी अमेरिकेतील हजारो शालेय जिल्ह्यांच्या, म्हणजे सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांच्या, परीक्षांतील गुण एकत्र करून तपासले, तेव्हा सरासरी गुणांचा कुटुंबांच्या आर्थिक स्थितीशी फार घट्ट संबंध आढळला आणि मुलांच्या प्रगतीच्या वेगाशी मात्र त्या स्थितीचा संबंध बराच सैल निघाला. सर्वांत लक्षवेधी उदाहरण शिकागोचे होते. सरासरी गुणांत हे शहर देशाच्या मागे; पण तिथली मुले तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सहा वर्षांइतके शिकत होती.

त्यामुळे अक्षर पाहून थांबू नका, ते फोडून पाहा. राज्याच्या शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेचे घटकनिहाय गुण मिळतात. त्यांतील प्रगतीचे रकाने, आणि विशेषतः सर्वांत मागच्या मुलांच्या प्रगतीचे दोन रकाने, तीनचार वर्षांचे शेजारी शेजारी मांडून वाचा. एकाच वर्षाच्या आकड्यावर जाऊ नका, कारण लहान शाळेत एका वर्गात पाचसहा मुले कमीअधिक झाली तरी टक्के हलतात. तसेच २०२२-२३ ची श्रेणी बाजूला ठेवा. त्या वर्षी राज्याने परीक्षाच बदलली असल्याने मागील वर्षाशी तुलना शक्य नव्हती आणि श्रेणी केवळ पातळीच्या घटकांवर काढली गेली. म्हणजे शाळेने वर्षभरात काय केले हे मोजणारा भागच त्या वर्षी हिशेबात नव्हता.

मी स्वतः याच देशातील एका सार्वजनिक प्राथमिक शाळेत अनेक वर्षे चौथीला शिकवले आहे, म्हणून या हिशेबाची आतली बाजूही सांगते. जानेवारी महिन्यात आमची ‘डेटा मीटिंग’ असे. भिंतीवर प्रत्येक मुलाच्या नावाचे कार्ड : हिरवे म्हणजे पातळीच्या वर, लाल म्हणजे फार खाली, आणि मधली पिवळी म्हणजे रेषेला चारदोन गुण कमी पडणारी मुले. त्यांना सर्रास ‘बबल किड्स’ म्हणत. शिकवणीसाठी येणाऱ्या जादा शिक्षिकेचे तास कोणाला द्यायचे हे ठरवताना मुख्याध्यापिका पिवळ्या कार्डांपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी नऊ कार्डे काढून टेबलावर ठेवली. माझ्या वर्गातील एक मुलगी दुसरीच्या पुस्तकावर अडखळत होती. तिचे लाल कार्ड भिंतीवरच राहिले. मुख्याध्यापिका दुष्ट नव्हत्या. एक पिवळे कार्ड हिरवे झाले की टक्का वाढतो, आणि लाल कार्ड कितीही वर सरकले तरी रेषा ओलांडेपर्यंत पातळीच्या रकान्यात शून्यच राहते, हे त्यांना पाठ होते. आमच्या राज्यात तेव्हा प्रगतीला फारसे वजन नव्हते. फ्लोरिडाच्या पद्धतीत सर्वांत मागच्या मुलांसाठी वेगळे गुण ठेवले आहेत ते याच कारणाने, आणि ही त्या पद्धतीची मला पटलेली बाजू आहे.

श्रेणी निरर्थक आहे, असा याचा अर्थ काढू नका. फ्लोरिडातील ‘एफ’ मिळालेल्या शाळांचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा त्या शाळांनी शिकवण्याच्या वेळात आणि पद्धतींत खरे बदल केले आणि मुलांचे गुणही वाढले, असे दिसले. एखाद्या शाळेचे प्रगतीचे रकानेही सलग तीनचार वर्षे तळाला असतील, तर शेजारीण कितीही समाधानी असो, मी सावध होईन. दुसरीकडे, अक्षरावर नोकऱ्या आणि बक्षिसे अवलंबून ठेवली की माणसे अक्षरच सांभाळू लागतात. अटलांटा शहरात २०११ मध्ये राज्याच्या चौकशीत ४४ शाळांतील १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांचा उत्तरपत्रिकांतील गैरप्रकारांशी संबंध आढळला. न्यूयॉर्क शहराने २००७ मध्ये शाळांना अक्षरे द्यायला सुरुवात केली आणि दोनच वर्षांत ८४ टक्के प्राथमिक व मिडल (साधारण सहावी ते आठवीच्या) शाळांना ‘ए’ मिळाला. सगळेच पहिले आले तर पालकाने निवड कशाच्या आधारावर करायची? २०१४ मध्ये त्या शहराने अक्षरे बंदच केली.

आकडे पाहून झाले की शाळेत जा. फोन करून भेटीची वेळ मागितल्यास बहुतेक शाळा देतात, आणि कशी देतात यावरूनही थोडेफार कळते. गेल्या वर्षीच्या किंडरगार्टन आणि पहिलीच्या शिक्षकांपैकी किती जण यंदाही तिथेच आहेत, हा पहिला प्रश्न विचारा. माझ्या मते इतर सर्व प्रश्नांहून तो महत्त्वाचा आहे. विज्ञानाची परीक्षा पाचवीला असते, मग तिसरी-चौथीला विज्ञान आठवड्यातून किती वेळ शिकवतात ते विचारा. रोज वीस मिनिटे मोकळे खेळणे हा फ्लोरिडात २०१७ पासून प्राथमिकच्या मुलांचा कायदेशीर हक्क आहे, तो प्रत्यक्षात मिळतो का ते मैदानाकडे पाहून समजेल. वाचनालयाचे दार उघडे आहे की तिथे परीक्षेचे संगणक मांडले आहेत, हेही नजरेस पडेल. आणि शेजारणीला ‘शाळा चांगली आहे का’ असे विचारू नका. तिच्या मुलाला कधी काही जमेनासे झाले तेव्हा शाळेने काय केले, ते विचारा.

प्रश्न : आमच्या मुलाच्या हायस्कूलला पूर्वी ‘ए’ होता, नव्या यादीत एकदम ‘सी’ आला. शिक्षक तेच, मुख्याध्यापक तेच, मुलगाही खूश आहे. एवढे काय बिघडले?
– एक वाचक, ह्यूस्टनजवळून

उत्तर : बहुधा शाळेत काही बिघडलेले नाही, मोजपट्टी बदलली आहे. टेक्ससमध्ये हायस्कूलच्या श्रेणीत मुले पुढील शिक्षण, नोकरी किंवा सैन्यदल यांसाठी किती तयार झाली, हा एक मोठा घटक असतो. २०२३ च्या श्रेणीसाठी राज्याने या घटकात ‘ए’ मिळण्याची मर्यादा ६० वरून थेट ८८ वर नेली. पूर्वी ६५ मिळवून ‘ए’त बसणारी शाळा तितकेच गुण घेऊन खाली आली. शंभरहून अधिक शालेय जिल्हे याविरुद्ध न्यायालयात गेले आणि २०२३ च्या श्रेणी अखेर एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तोपर्यंत त्या वर्षीची बारावीची मुले शाळा पूर्ण करून बाहेर पडली होती.

मर्यादा वाढवू नये असे माझे म्हणणे नाही. ६० वर ‘ए’ देणे ढिलेपणाचेच होते. पण पट्टी बदलली त्या वर्षीचे अक्षर आणि आधीचे अक्षर यांत ‘चढ’ किंवा ‘उतार’ पाहणे चुकीचे आहे. शाळेचा अहवाल उघडून त्या घटकाचा मूळ आकडा दोन्ही वर्षांचा पाहा. तो टिकून असेल तर निश्चिंत राहा, आणि तोही घसरला असेल तर मुख्याध्यापकांना कारण विचारा. एक गोष्ट आणखी पाहा : तुमच्या राज्यात एकूण श्रेणीत ७० टक्के वजन पातळी आणि प्रगती यांपैकी जे अधिक चांगले असेल त्याला मिळते. तुमच्या शाळेला त्यांपैकी कोणत्या बाजूने आधार दिला, हे अहवालात स्पष्ट लिहिलेले असते.

प्रश्न : मग ‘ए’ शाळेच्या भागात जास्त पैसे देऊन घर घ्यावे की नाही, एवढेच सांगा.
– एक वाचक, टॅम्पा

उत्तर : जास्त पैसे त्या अक्षराचेच आहेत का, हे आधी तपासा. फ्लोरिडातील घरांच्या किमतींवर डेव्हिड फिग्लिओ आणि मॉरिस ल्युकास यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शाळांच्या नव्या श्रेणी जाहीर झाल्यावर घरांच्या किमती त्यांच्यामागे धावल्या, असे दिसले. पण श्रेणी वर्षागणिक बदलतात हे लोकांच्या लक्षात आल्यावर तो परिणाम ओसरू लागला. म्हणजे तीस वर्षांचे कर्ज घेऊन आपण असे अक्षर विकत घेतो, जे पुढच्या जुलैत बदलू शकते. शिवाय घरविक्रीच्या संकेतस्थळांवर दिसणारा एक ते दहा हा आकडा राज्याचा नसून खाजगी संस्थेचा असतो. त्याची आणि सरकारी श्रेणीची गल्लत करू नका.

घर आवडले असेल, कामाचे ठिकाण जवळ असेल, तर जरूर घ्या. केवळ शाळेसाठी घेणार असाल, तर आधी एक सोपा मार्ग पाहा. २०१६ च्या कायद्यानुसार फ्लोरिडातील पालकांना आपल्या भागाबाहेरील, जागा शिल्लक असलेल्या कोणत्याही सार्वजनिक शाळेत प्रवेशासाठी अर्ज करता येतो. मुलाला नेण्याआणण्याची जबाबदारी मात्र पालकांची राहते. अर्जाच्या तारखा प्रत्येक जिल्ह्याच्या वेगळ्या असतात आणि अनेक ठिकाणी त्या नवे वर्ष सुरू होण्याच्या कित्येक महिने आधीच संपतात. म्हणून आपल्या शालेय जिल्ह्याच्या कार्यालयात याच आठवड्यात फोन करा.