डुकराच्या पिल्लांचं दूध तोडल्यावर हगवण लागते. पोटातली ॲसिडिटी कमी करायला खाण्याचा सोडा द्यावा का?

सोडा देऊ नका, सुरू केला असेल तर आजच बंद करा. तुम्ही लिहिलंय की पिल्लं चौथ्या आठवड्यात आईपासून वेगळी केली आणि पाच-सहा दिवसांत पिवळट, पाण्यासारखी हगवण सुरू झाली. हाडं भक्कम व्हावीत म्हणून खाद्यात चुनखडी वाढवली आहे, वजन लवकर यावं म्हणून सोयाबीन पेंडही. यावरून मला वाटतं की पिल्लांच्या पोटात आम्ल जास्त झालेलं नाही, ते कमी पडतंय.

माणसाच्या ॲसिडिटीचा हिशेब इथे लावायचा नाही. एवढ्या वयाच्या पिल्लाच्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल बेताचंच तयार होतं. आईचं दूध चालू असतं तोवर काही अडत नाही, कारण दुधातल्या लॅक्टोजपासून पोटातले जिवाणू लॅक्टिक ॲसिड बनवतात आणि त्यावर भागतं. दूध तुटलं की तेही आटतं, आणि पिल्लाचं स्वतःचं आम्ल पुरेसं व्हायला आणखी काही आठवडे जातात. त्यातच पिल्लू आधी बिथरून खात नाही आणि मग भुकेपोटी एकदम हादडतं. अशा वेळी जठराचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 4 च्या वर, कधी 5 च्याही वर राहतो. प्रोटीन पचवणाऱ्या पेप्सिनला नीट काम करायला तो साधारण 2 ते 3.5 हवा. मग अर्धंकच्चं प्रोटीन पुढे सरकून आतड्यात सडतं, आणि जठरातच मरायला हवे होते ते ई. कोलायसारखे जंतू जिवंत पुढे जातात.

चुनखडी इथेच घात करते. खाद्यातल्या नेहमीच्या घटकांत सगळ्यात जास्त आम्ल तीच मारते. मका-गव्हाचा भरडा अगदी थोडं आम्ल शोषतो, सोयाबीन पेंड त्याच्या कितीतरी पट, आणि चुनखडी पेंडीच्याही कितीतरी पट. म्हणून दूध तोडल्यानंतरचे दहा-बारा दिवस चुनखडी अगदी कमी करा. तेवढ्या काळात हाडांचं काही बिघडत नाही, नंतर ती पूर्ववत करायची. प्रोटीन 17-18 टक्क्यांवर आणा, मात्र लायसिन (प्रोटीनचा वाढीला लागणारा एक घटक) वरून घाला, नाहीतर वाढ खुंटेल. व्हे पावडर (चीज-पनीर करताना उरणाऱ्या पाण्याची भुकटी) मिळाली तर जरूर घाला, तिच्यातल्या लॅक्टोजमुळे लॅक्टिक ॲसिड पुन्हा बनू लागतं. सायट्रिक किंवा फ्युमॅरिक ॲसिड खाद्याच्या 1 ते 2 टक्के चालतं. फॉर्मिक ॲसिड प्रभावी आहे, पण कातडी आणि डोळे जाळतं, हातमोजे-चष्म्याशिवाय त्याला हात लावू नका.

भरडा फार बारीक दळू नका. जाडसर खाद्य जठरात जास्त वेळ थांबतं आणि आम्लाशी नीट मिसळतं. दिवसाचं खाद्य एकदम न टाकता पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. खरं तर दूध तुटण्याच्या आधीपासून आईजवळ असतानाच पिल्लांना खाद्याची चव लावायला हवी, पुढच्या वेळी तेवढं नक्की करा.

झिंक ऑक्साइडबद्दलही विचारलंय. टनाला अडीच किलोच्या आसपास घातलं की हगवण थांबते हे खरं, पण तेही आम्ल शोषतंच, शिवाय त्यातलं झिंक म्हणजे जस्त शेणातून जमिनीत साचतं. युरोपीय संघाने जून 2022 पासून त्याचा औषधी वापर बंद केला. मी ते सुचवणार नाही.

एक सोपी तपासणी करून बघा. ताज्या पातळ शेणाला पीएच कागद लावा. अल्कधर्मी निघालं तर ई. कोलायचा संशय घ्यायचा, आम्लधर्मी निघालं तर रोटासारख्या विषाणूचा. हा पुरावा नव्हे, पण डॉक्टरांना सांगण्याजोगी खूण आहे.

आज सगळ्यात आधी पाणी बघा, कारण पिल्लू दगावतं ते बहुतेक वेळा पाणी तुटल्यामुळे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, ती सावकाश खाली बसली किंवा डोळे खोल गेलेले दिसले तर लगेच इलेक्ट्रोलाइटचं (क्षारांचं) पाणी उथळ भांड्यात ठेवा. बसायची जागा कोरडी आणि 28 अंशांच्या आसपास उबदार ठेवा. शेणात रक्त दिसलं, पापण्या सुजल्या किंवा पिल्लू झोकांड्या खाऊ लागलं तर खाद्यात बदल करत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा, आणि अँटिबायोटिक त्यांनी सांगितल्याशिवाय देऊ नका.