फ्लॅट आत्ताच मुलाच्या नावे करून टाकू का?

नमस्कार काका,

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो. वय 68, काकू 61, सातपूरच्या कंपनीतून रिटायर, इंदिरानगरचा टू बीएचके तुमच्या एकट्याच्या नावावर, 38 लाखांच्या एफडी, ईपीएसची (पीएफसोबत मिळणारी) पेन्शन महिन्याला 2,900, आणि निफाड तालुक्यात आजोबांपासून आलेली द्राक्षबाग जी अजून भावाबहिणींसोबत सामाईक आहे. मुलगा पुण्यात, मुलगी नाशकातच. मुलाचं म्हणणं, बाबा फ्लॅटचं बक्षीसपत्र आत्ताच करून टाका, 200 रुपयांत होतंय, नंतर कटकट नको.

माझं मत, नका करू. मुलगा चांगला आहे हे तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय आणि असेलही, त्याच्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही.

200 रुपयांची गोष्ट खरी आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलगा-मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिली तर स्टॅम्प ड्युटी तेवढीच आहे, वर स्थानिक अधिभार आणि वकिलाची फी वेगळी. पण तोच फ्लॅट मृत्युपत्राने दिला तर स्टॅम्प ड्युटी शून्य. मग वाचलं काय? वारसा कर येणार म्हणून पण लोक घाई करतात, तर आपल्याकडे तो 1985 सालीच बंद झालाय आणि आज तरी तसा कर नाही. राहिली कोर्टाची भीती, तर नाशिकच्या प्रॉपर्टीला हिंदू माणसाच्या मृत्युपत्रासाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, सक्तीचं नाही, ती भानगड मुंबईची होती.

आता तोटा बघा. बक्षीसपत्र रजिस्टर झालं की त्या दिवसापासून मालक मुलगा, तुम्ही त्याच्या घरात राहणारे, आणि मनात आलं म्हणून ते परत घेता येत नाही. उद्या त्याने बिझनेससाठी फ्लॅट तारण ठेवला तर बँक तुम्हाला विचारायला येणार नाही. आणि वाईट बोलतोय, पण बोलायलाच पाहिजे, तुमच्या आधी त्याचंच काही बरंवाईट झालं आणि त्याने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्यात त्याचे पहिले वारस बायको, मुलं आणि आई. वडील त्या यादीत नाहीतच! म्हणजे स्वतः हप्ते फेडलेल्या घरात काकूंचा हिस्सा राहील, तुमचा नाही.

‘मुलाने सांभाळ करायचा’ अशी अट बक्षीसपत्रात लिहून घेतली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून घेता येतं, त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे जावं लागतं. पण सत्तरी ओलांडल्यावर पोटच्या मुलाविरुद्ध प्रांतांसमोर उभं राहायचं, हा काय प्लॅन झाला का?

मला खरी काळजी काकूंची वाटते, आणि पत्रात त्यांचा उल्लेख फक्त एका ओळीत आहे. काकू तुमच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, तुमच्यामागे पंधरा-वीस वर्षं एकट्या काढाव्या लागतील असं धरूनच हिशोब करा. तुमच्यानंतर पेन्शन निम्मी, म्हणजे 1,450. 38 लाखांवर सात टक्के धरले तर महिन्याला 22 हजारांच्या आसपास, त्यात सोसायटीचा मेंटेनन्स, औषधं, एखादं हॉस्पिटल. आज भागेल, दहा वर्षांनी कठीण जाईल. तेव्हा त्यांच्या हातात जे मोठं काही उरेल ते म्हणजे हा फ्लॅट, विकून लहान घेता येईल, भाड्याने देऊन मुलीजवळ राहता येईल, काहीही, पण तो त्यांच्या नावावर असला तर.

म्हणून मृत्युपत्र करा आणि फ्लॅट काकूंना पूर्ण मालकीने द्या. आपल्याकडे सर्रास लिहितात की ‘पत्नीला हयातीपर्यंत राहण्याचा हक्क, तिच्यानंतर मुलाला’. ऐकायला बरं वाटतं पण मग बाईला ते घर विकता येत नाही, तिला फक्त राहता येतं. तसं लिहू नका. काकू आधी गेल्या तर कोणाला किती, तेही त्यातच लिहा. मुलीला ‘लग्नात दिलंय’ म्हणून वगळायचं असेल तर तो तुमचा अधिकार, फ्लॅट तुमच्या कमाईचा आहे, पण काहीच न लिहिता गेलात तर काकू, मुलगा, मुलगी तिघांना सारखा वाटा, लग्नाचा खर्च कोणी वजा करत नाही. मला विचाराल तर मुलगा-मुलगी दोघांना सारखं द्या.

साधा कागद चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यांच्यासमोर सही करायची, आणि ते तुमच्यापेक्षा तरुण घ्या, मॉर्निंग वॉकचे मित्र नकोत, साक्षीदारच आधी गेले की पंचाईत. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. सही करताना फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही तरी दुय्यम निबंधकांकडे करून घ्या, नंतर कोणी खोटी सही म्हणायला नको. विचार बदलला तर नवीन करता येतं, शेवटचं असेल ते धरतात.

सोसायटीत मुलाला नॉमिनी केलंय म्हणून फ्लॅट आपोआप त्याचा, हा गैरसमज काढून टाका. नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करते, मालक वारसच. तरीही तिथलं नाव बदलून काकूंचं टाका, एफडीला पण बघा, नोव्हेंबर 2025 पासून बँकेत चार नॉमिनी देता येतात. आणि 30 लाखांपर्यंत सिनियर सिटिझन स्कीममध्ये का नाही ठेवत? सध्याच्या 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500 येतात, आणि काकू जॉइंट किंवा एकट्याच नॉमिनी असतील तर तुमच्यानंतर खातं मुदतीपर्यंत तसंच चालू ठेवू शकतात.

बागेचं प्रकरण वेगळं. आजोबांची जमीन, त्यामुळे तिच्यात तुमच्या मुलामुलीचा जन्मतःच हक्क असू शकतो, आणि मृत्युपत्र फक्त तुमच्या हिश्श्याचं होईल. तुम्ही लिहिलंय की बहिणींनी तोंडी हक्क सोडलाय. तोंडी सोडलेलं कागदावर शून्य. सातबाऱ्यावर त्यांची नावं आहेत तोवर त्या हिस्सेदार, आणि त्यांच्यातली एक गेली की तिच्या मुलांची नावं चढणार, मग सह्यांसाठी भाच्यांच्या मागे फिरत बसा. बहिणींना खरंच सोडायचा असेल तर रजिस्टर हक्कसोडपत्र करा, वडिलोपार्जित जमिनीला त्याचा स्टॅम्पही 500 रुपयांचाच. नसेल सोडायचा तर वाटणी करून घ्या, त्यांच्यावर दबाव नको. आजोबांपासूनचे सगळे फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावांतले बदल) तलाठ्याकडून काढून आधी वकिलाला दाखवा. फ्लॅटच्या मृत्युपत्रासाठी मात्र जमिनीचा निकाल लागायची वाट बघू नका, ते या महिन्यातच होऊ शकतं.