रेसिपीत ४ लार्ज अंडी सांगितलीयत, माझ्याकडे छोटी आहेत, मग किती घालू?

अंडी मोजू नका, वजन करा, एवढं केलं की झालं. रेसिपीत लार्ज म्हटलं की कवचाशिवाय साधारण ५० ग्रॅम धरायचं, म्हणजे ३० च्या आसपास पांढरा आणि १८-२० पिवळा बलक. ४ अंडी म्हणजे २०० ग्रॅम. तुमची छोटी अंडी कवचाशिवाय ३८-४० ग्रॅमची भरत असतील तर ५ घाला, विषय संपला.

खरी गंमत अर्ध्या अंड्याला होते, म्हणजे ४ घातली तर कमी पडतंय आणि ५ घातली तर जास्त होतंय, तेव्हा शेवटचं अंडं वाटीत फोडून काट्याने नीट फेटायचं, पांढरं-पिवळं पूर्ण एकजीव झालं पाहिजे नाहीतर ओतताना नुसता पांढरा चिकट गोळा सटकन पडतो (माझा पडलाय 😅), मग वजनकाट्यावर बघत हवं तेवढंच ओतायचं.

ऑम्लेट, भुर्जी, कटलेटला हा हिशोब करत बसू नका. एक-दोन अंड्यांच्या साध्या केकलाही सहसा फरक कळत नाही. स्पंज केक, मॅकरॉन, कस्टर्ड असेल तर मात्र वजन कराच.