चेक परत आलाय, पण आधी त्या 40 हजारांचं बघा

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या तुमच्या कारखान्यातून दिल्लीच्या पार्टीला टॉवेलच्या गाठी गेल्या. त्याने 3 लाख 40 हजारांचा चेक दिला, मग 40 हजार ऑनलाइन पाठवले. तुम्ही तोच चेक भरला आणि तो बॅलन्स नाही म्हणून परत आला. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळून 12 दिवस झाले. पार्टी म्हणते पुढच्या महिन्यात परत टाका, आणि तुम्हाला धास्ती आहे ती दिल्लीच्या कोर्टाची.

दिल्लीचं डोक्यातून काढा. सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या दशरथ राठोड निकालाने ज्याचा चेक त्याच्या बँकेच्या गावी केस, असं झालं होतं आणि बाहेरगावी माल देणारे हवालदिल झाले होते. 2015 मध्ये कायदाच बदलला. आता चेक खात्यात भरला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत, त्या हद्दीतलं कोर्ट. खातं सोलापुरात आहे, म्हणजे केस सोलापुरात.

खरी अडचण 40 हजारांची आहे, आणि ती कोणी सांगत नाही म्हणून चांगल्या केसेस पडतात. चेक दिल्यानंतर काही रक्कम मिळाली आणि तरी चेक पूर्ण रकमेचाच भरला, तर त्या दिवशीचं खरं येणं चेकवरच्या आकड्याइतकं राहत नाही. अशा वेळी परक्राम्य संलेख (चेक-हुंडीच्या) कायद्यातल्या कलम 138 चा, म्हणजे चेक न वटल्याचा, गुन्हा होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये दशरथभाई पटेल प्रकरणात स्पष्ट सांगितलंय. 40 हजार आधीच्या दुसऱ्या बिलापोटी असतील तर गोष्ट वेगळी, पण तसं खातेवहीत आणि मेसेजमध्ये दिसलं पाहिजे. आता मागाहून तसं लिहू नका, उलटतपासणीत ते टिकत नाही.

म्हणून आजच पार्टीला व्हॉट्सअॅपवर लिहा: बिल अमुक, 40 हजार जमा, बाकी 3 लाख, त्याचा नवा चेक पाठवा. तो "हो" म्हणाला तरी येणं कबूल केल्याचा पुरावा हाती येतो. नवा चेक आला की जुना परत द्या. नाही आला, तर जुन्या चेकवर 40 हजार मिळाल्याची नोंद करून बाकीसाठी तो पुन्हा भरण्याची सोय त्याच कायद्याच्या कलम 56 मध्ये आहे. हल्ली क्लिअरिंग चेकच्या फोटोवर चालतं, तेव्हा शाखेत आधी बोलून घ्या आणि नोंद वकिलाकडूनच लिहून घ्या.

पार्टी पुढचा महिना का मागते ते चेकच्या तारखेवरून ओळखा. चेक तारखेपासून 3 महिनेच चालतो. तेवढ्यात कितीही वेळा भरता येतो आणि नवा मेमो आला की मुदत नव्याने सुरू होते (सुप्रीम कोर्टाचा एमएसआर लेदर्स निकाल, 2012). 3 महिने उलटले की तो चेक आणि 138 दोन्ही गेलं.

बाकीच्या रकमेचा तो चेकही परत आला, तर त्याचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे, इथे उशीर माफ होत नाही. नोटीस पोचल्यावर त्याला पैसे द्यायला 15 दिवस, आणि ते संपल्यापासून महिन्याभरात तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारणाने कोर्ट माफ करू शकतं. नोटिशीत बाकीच्या 3 लाखांचीच मागणी करा. व्याज, वकील फी लिहायचीच तर वेगळी दाखवा, एकाच आकड्यात मिसळली की नोटीस बाद ठरू शकते. चेक कंपनीचा असेल तर कंपनीलाही नोटीस द्या आणि आरोपीही करा, नुसत्या सही करणाऱ्यावर केस उभी राहत नाही. पत्ता जीएसटी बिलावरचाच घाला. बरोबर पत्त्यावर रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने गेलेली नोटीस त्याने घेतली नाही तरी ती पोचली असंच धरतात.

बिलं, ट्रान्सपोर्टची बिल्टी, ई-वे बिल, बँकेचा उतारा आणि मूळ मेमो एका फाइलीत लावा. चेकवरची सही त्याने मान्य केली की येणं होतं असं कोर्ट गृहीत धरतं, पण माल पोचलाच नाही असं तो म्हणू लागला तर बिल्टीच कामाला येते.

आणि माल पाठवण्याआधी तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) झालेली होती का? असेल तर सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडेही दावा करता येतो. तिथे मुदतीच्या (लेखी ठरलेली, पण जास्तीत जास्त 45 दिवस; काही ठरलं नसेल तर 15 दिवस) पुढे थकलेल्या पैशावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मिळतं. नोंदणीची तारीख आणि चेकवरची तारीख, दोन्ही इथे कळवा.