वाचनाची टिपणे ठेवू लागताना
पहिल्याच फेरीत जाडजूड ग्रंथ हाती न घेता विश्राम बेडेकर यांच्या १९३९ सालच्या 'रणांगण' या कादंबरीपासून सुरुवात करावी. ती छोटी आहे आणि आजही बोचते. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे प्रस्तावना आधी वाचून तिचेच मत आपले म्हणून लिहिणे. त्याहून मोठी चूक म्हणजे कथानकाचा सारांश लिहीत बसणे. बोटीवर चक्रधर आणि हर्टा भेटतात, हे कोणीही सांगेल. स्त्रियांविषयीच्या त्याच्या कडवटपणाचा आपल्याला राग नेमका कोणत्या प्रसंगी आला आणि पुढे तो निवळला की वाढला, हे पृष्ठक्रमांकासह त्याच दिवशी टिपावे. कंटाळा आल्यास तोही निःसंकोच नोंदवावा (मान्यवर पुस्तकांचाही येतोच). समीक्षेच्या परिभाषेकडे तूर्त वळू नये.